पाहुणा चालत नाही

अनसिंगला खोली भाड्याने घेताना घरमालकांनी मला एकच अट घातली. पाण्याबद्दल नाही, विजेबद्दल नाही, घरी किती वाजता यावं याबद्दल तर नाहीच. खोलीच्या दारात उभे राहून, बोट वर करून ते म्हणाले, "बाकी काय करायचं ते कर. पन पाहुणा या घरात चालनार नाही. दाराच्या आतमंधी नाही, आन गोठ्यात त नाहीच नाही."

पाहुणा गोठ्यात कशाला उतरेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण मी साताऱ्याकडचा, परक्या मुलखात नोकरीला आलेला. अशा माणसाला कोरडी आणि नळाची खोली मिळत असली की तो प्रश्न विचारत नाही, मान हलवतो. मी हलवली.

पंधरा दिवसांनी माझे सासरे आले. आमच्याकडे पाहुणे म्हणजे सोयरे, आणि सोयऱ्यांत सासरे म्हणजे पहिल्या पाटावरचे. लग्न होऊन सहा महिने झाले होते. मुलीला या गावी पाठवावं की नाही हे बघायला ते आख्खा महाराष्ट्र आडवा कापून, मांडीवर गुळाची ढेप घेऊन आले होते. मी त्यांना थांब्यावरच गाठलं, तिथूनच परतीच्या बसमध्ये बसवलं आणि वाशीमच्या एका लॉजवर नेऊन ठेवलं. "घरमालक फार कडक आहेत," एवढंच सांगितलं. सासऱ्यांनी ढेप या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. दुसऱ्या दिवशी ढेप लॉजच्या खाटेवर ठेवून निघून गेले. संध्याकाळी बायकोचा फोन आला. "बाबा म्हणतायत, जावईबापूंनी उंबरासुद्धा दाखवला नाही." तिचं इकडे येणं बेमुदत पुढे गेलं.

मी ती ढेप काखेत मारून घरी आलो. घरमालक ओट्यावरच होते. त्यांनी आधी ढेपेकडे पाहिलं. "कायची हाय? जवसाची?" वऱ्हाडात ढेप म्हणजे गुरांची पेंड. मी गुळाची म्हणून सांगितलं आणि मग सगळी कहाणीही सांगितली, थोडी त्यांच्यावर उपकार केल्याच्या सुरात.

त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "अबे, सासरा म्हंजे पाहुणा असते का? मी सोयाबीनचं बोलून राह्यलो होतो."

सोयाबीन हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला तो तेव्हा, आणि तेवढाच. पावसाळ्यात वाशीम जिल्ह्यात हा शब्द न उच्चारता चहासुद्धा मागता येत नाही. पण आमचे घरमालक त्याला पाहुणा म्हणत. "परदेशातून आला. लोकायनं बसाले पाट देल्ला. आता तो पलंगावर झोपला आन घरचे लोकं ओसरीत." आणि दुसरं वाक्य ठरलेलं असे, "इथून उघडा जाते, आन तिकडून थैलीत बसून, गायीसंगं फोटो काढून येते."

ती फोटोवाली थैली विकणं ही माझी नोकरी होती. एका दूध संकलन कंपनीचा मी पशुआहार प्रतिनिधी. थैलीत मुख्य माल सोयाबीनची पेंड. म्हणजे ज्या घरात पाहुण्याला बंदी, त्या घरात मी पाहुण्याचा एजंट भाड्याने राहत होतो. मग खोली दिलीच कशी, असं मी एकदा विचारलं. "शत्रू घरातच बरा," ते म्हणाले. "नजर राह्यते."

ते निवृत्त एसटी कंडक्टर. मी त्यांना काका म्हणायचो. गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि ते दर वेळी दुरुस्ती करत, "मास्तर शाळेत असते. मी वाहक." निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण त्यांच्यातली गाडी उभी राहिली नव्हती. गोठ्यात बादलीवर दोन टोले पडले की त्यांची तांबडी गाय चालू लागे आणि एक टोला पडला की थांबे. गावाने त्या गायीचं नाव लालपरी ठेवलं होतं. ती दावणीला आडवी उभी राहिली तर काका तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून म्हणत, "चला, पुढं सरका, मांगं जागा करा." ती सरकत असे. मी एकदा बादली वाजवून बघितली, चुकून तीन टोले पडले, आणि गाय माझ्या पायावर येऊन उभी राहिली. काका म्हणाले, "तीन घंट्या म्हंजे गाडी भरली, थांबू नको. तिची काय चूक?"

आयुष्यभर ते याच पट्ट्यात फिरले होते. बसमध्ये गाठोडं चढलं की "कायचं हाय?" हे विचारणं त्यांचं कामच. लेकीकडे निघालेल्या म्हाताऱ्यांच्या गाठोड्यांत तेव्हा बरबटी असे, म्हणजे आमच्याकडची चवळी, कुळीथ असे, जवस असे. काका आधी सामानाचं तिकीट फाडत आणि मग हात पुढे करत, "आता मूठभर दे, बुढे." आधी मूठ आणि मग तिकीट, असं एकदाही झालं नाही, हे ते शपथेवर सांगत. त्या मुठी त्यांनी घरी गोठ्यातल्या फळीवर डब्यांत भरून ठेवल्या. डब्यांवर खडूने लिहिलेलं असे, "इंझोरी, जवस", "किन्हीराजा, बरबटी, लाल". पुढे पुढे गाठोडी चढायची बंद झाली. "पाहुणा गाठोड्यात बसत नाही. त्याले ट्रकच लागते."

हे बी ते दर साली नाल्याकाठच्या अर्ध्या एकरात पेरत. त्या तुकड्याला घरात गायीचं वावर म्हणत. कुळथाचा भरडा, घरच्या तुरीची चुन्नी, म्हणजे डाळ भरडून उरलेला चुरा, जवसाची ढेप, बरबटीचं कुटार, म्हणजे वाळलेला भुसा, एवढ्यावर लालपरी जगत होती. उरलेल्या सहा एकरांत त्यांचा मुलगा पाहुणा पेरत असे. काका त्या वावरांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाताना भाऊबंदकीचा अबोला असल्यासारखे मान वळवून जात.

सोयाबीनवर त्यांचा नेमका राग काय, हे मला शेवटपर्यंत एकसंध कळलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांना ते सांगत, त्याचं कुटार गायीच्या गालाला टोचतं. मुलाला सांगत, एका तुरीच्या झाडात तीन ताटं आहेत, "दाळ मानसाची, चुन्नी गायीची, कुटार बैलाचं, पाहुण्यात आपलं ताट कोनतं ते दाखव." मला मात्र एकदाच म्हणाले, "त्याले चव नाही."

चवीचा अधिकार त्यांना होता. गायीच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी त्यांच्या तोंडात जाई. सकाळी भरडा कालवण्याआधी ते त्यातला चिमूटभर जिभेवर ठेवत, डोळे मिटत, चावत आणि मग "हं" म्हणत. एके दिवशी दूध केंद्रावर मी वीस-पंचवीस शेतकऱ्यांसमोर थैली उघडून भाषण करत होतो. पाचकता, प्रथिनं, खनिजं, सगळं झालं. काका मागून म्हणाले, "चांगलं बोलला. आता खाय."

"काय?"

"तुया माल. मूठभर खाय. मी मायावाला रोज खातो."

आता यातून सुटायला शहाण्या माणसाने हसून विषय बदलला असता. मी मूठ भरून तोंडात टाकली. ती पेंड दाताला लागल्यावर सिमेंट होते, हे कंपनीच्या पत्रकात कुठेही नव्हतं. पाच मिनिटं मला तोंड उघडता आलं नाही, आणि तेवढ्या वेळात काकांनी कुळथावर माझ्यापेक्षा चांगलं भाषण केलं. त्या दिवशी एकही थैली खपली नाही. मात्र पुढे कितीतरी दिवस रस्त्यात लोक थांबवून विचारत, "काय सायब, जेवन झालं का?"

चैत्रातली एक सकाळ. काका गोठ्यात होते, मी ओट्यावर दात घासत होतो. मुलगा ट्रॅक्टरवरून उतरून आला. कमी बोलणारा, कामाचा माणूस. त्याने सरळ विषय काढला.

"बाबा, नाल्याकाठचं वावर यंदा मी घेतो."

"कायले?"

"कायले म्हंजे? पेराले. सगळ्यात चांगली काळी जमीन तेवढीच हाय."

"ते गायीचं हाय."

"गायीच्या नावानं सातबारा हाय का?"

काकांनी हातातली बादली खाली ठेवली. मग डब्यांच्या फळीकडे हात करून म्हणाले, "आन ते बी? एक साल पेरलं नाही त पुढच्या साली अर्धं उगवत नाही. दोन साल ठेवलं त मेलं. हे आता कोनाच्याच घरी नाही, माहीत हाय ना?"

"मले गाय पाह्यची का बी पाह्यचं का घर पाह्यचं?" मुलगा म्हणाला. "आन तुमची गाय त्याच्यावर जास्त दूध देते असं त काही नाही."

इथे तोंडात ब्रश असलेल्या भाडेकरूने गप्प बसायचं असतं. मी थुंकलो आणि म्हणालो, "वाद कशाला? मोजून बघू."

कल्पना माझी, हे मी कबूल करतो. घरात दोन गायी होत्या, सख्ख्या बहिणी, महिन्याच्या अंतराने व्यालेल्या. एक लालपरी, काकांच्या भरड्यावर. दुसरी मुलाची, माझ्या थैलीवर, म्हणून काकांच्या अटीप्रमाणे गोठ्याबाहेर ट्रॅक्टरच्या शेडमध्ये बांधलेली. महिनाभर दोघींचं दूध मोजायचं. लालपरी बहिणीच्या बरोबरीने राहिली तर वावर काकांचं, मागे पडली तर मुलाचं. पंच मी. दोघांनी मान्य केलं. मुलगा म्हणाला, "जबानीले पक्के राहा, बाबा." काका म्हणाले, "मी तिकीट फाडलं, आता उतरनार नाही."

पहिल्या आठवड्यात लालपरी रोज पाव-अर्धा लिटर मागे पडत होती. उन्हाळा चढत होता. काका बाज गायीसमोर टाकून तिच्याकडे बघत बसू लागले. आठवडा सरता सरता गोठ्याच्या पश्चिमेला त्यांनी बारदानं ओली करून टांगली. दाढी करायची सोडली. माझ्या वहीतले आकडे रोज विचारत आणि ऐकले की डब्यांच्या फळीकडे बघत.

मला त्यांची दया आली. ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट सांगायला कमीपणा वाटतो, पण सांगतो. माझी पेंड काहीतरी करते हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. इतक्या जणांना विकली होती, एकदा तरी खात्री व्हावी.

काका दुपारी पेपर वाचायला चौकात जात. सकाळी चाखून कालवलेला भरडा तेव्हा बादलीत भिजत असे. मी त्यात माझ्या थैलीतली एक वाटी टाकून ढवळू लागलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लालपरी बहिणीच्या बरोबरीला आली. मी वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली अभिमानाने दोन रेघा मारल्या. पंचाने स्वतःच गोल करून स्वतःच शिटी वाजवावी, तसं चाललं होतं. मध्ये चार दिवस मी सासुरवाडीला जाऊन आलो, सासऱ्यांचे पाय धरले, पाहुण्याचा खुलासा केला, बायकोला यायला राजी केलं. त्या चार दिवसांचं दूध काकांच्या सुनेने मोजून लिहिलं.

महिना संपायला चार-पाच दिवस उरले होते. काका चौकात निघाले आणि दारातून परतले. भरड्यात मीठ टाकलं की नाही, आठवत नव्हतं. मी नुकताच बादलीपासून उठलो होतो. त्यांनी बादलीत दोन बोटं घातली, जिभेला लावली, डोळे मिटले. "हं" म्हणाले नाहीत.

नळावर जाऊन त्यांनी चूळ भरली. परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"सायब, पाहुणा कवापासून हाय?"

खोटं बोलायचं सुचलं होतं. पण माझ्या हातात वाटी होती.

"पहिला आठवडा सोडून," मी म्हणालो.

"मले कायले विचारलं नाही?"

"तुम्ही हो म्हणाला नसतात."

"हाव," ते म्हणाले. "म्हनूनच विचारा लागते."

संध्याकाळी मुलगा वावरातून आला तेव्हा काकांनी त्याला हातपाय धुवायच्या आतच सांगितलं, "महिना बाद. सायबानं माया गायीले पाहुणा चारला."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. शिव्या येतील म्हणून मी तयार होतो. त्याऐवजी आतून त्याची बायको वही घेऊन आली. ती म्हणाली, "पन भाऊ गावाले गेल्ते ते चार दिवस कोनी काई टाकलं नाही ना? ते मीच लिवले. पाहा बरं." तिने पानावर बोट ठेवलं. "जायच्या आधीबी तेवढंच. आल्यावरबी तेवढंच. चार दिवसातबी तेवढंच."

आम्ही तिघेही वहीवर वाकलो. खरंच होतं. माझी वाटी असो वा नसो, लालपरीला त्याचा पत्ताच नव्हता. तिचं दूध वाढलं होतं ते ओल्या बारदानांच्या गारव्याने. मुलाला त्या घरात मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "म्हंजे सायबाची पेंड टाकली काय, न टाकली काय!" माझ्या धंद्याबद्दल इतकं थोडक्यात आजवर कोणी बोललेलं नाही.

मग हसू थांबवून तो म्हणाला, "मंग जिंकले ना तुमी, बाबा. ठेवा वावर."

"नाही."

"काहून नाही? हिशेब त दिसून राह्यला."

"मायी गाडी होती," काका म्हणाले. "तिच्यात विनातिकीट मानूस सापडला. म्या अशा मानसाले उतरवत होतो. तो उतरून गाडी ढकलून राह्यला होता का बसून झोपला होता, हे नाही विचारत होतो. फेरी बाद म्हंजे बाद."

"मंग अजून एक महिना मोजू."

"मिरुग आला तोंडावर. तुले वावर तयार करा लागते. बोललो होतो, बरोबरी सिद्ध झाली तरच ठेवीन. झाली नाही."

मुलाने त्या आठवड्यात आणखी दोनदा विचारलं. मीसुद्धा गेलो, माफी मागितली, चूक माझी आहे, गायीच्या वावराला शिक्षा का, असं बरंच बोललो. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुया मुद्दा बरोबर हाय. तू वाहक नाही, म्हनून तुले तो बरोबर वाटते."

मृगात पाऊस पडला आणि मुलाने नाल्याकाठचा अर्धा एकर पेरला. मी बघायला गेलो होतो. न जाणं जास्त अवघड होतं. काका धुऱ्यावर उभे होते, पाहुण्याच्या बाजूने तोंड करून. पेरणीचं एक तास, म्हणजे एक ओळ, वाकडं येतंय असं त्यांना दिसलं तेव्हा त्यांनी हाताने खूण करून मुलाला सरळ करायला लावलं. घरी आल्यावर त्यांनी फळीवरचे डबे उतरवले, एकेक उघडून वास घेतला आणि परत झाकण लावून वर ठेवले. जेवताना मुलगा आणि ते खतांबद्दल बोलत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीचं दार वाजलं. माझी बायको दोन दिवसांपूर्वीच आली होती, म्हणून मी जरा शर्ट नीट करून उघडलं. काका उभे होते. दाढी केलेली, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, हातात लाल बरबटीचा डबा. काकांनी त्यांच्याच घराचं हे दार आजवर कधी वाजवलं नव्हतं. ते सरळ आत येत.

"सायब," ते म्हणाले, "एक अर्ज होता."

"बोला ना काका."

"मांगची सांदवाडी तुमच्या भाड्यात येते. कपडे वाळू घालता, ते सगळं. तिच्यावर माया हक नाही. तुमी परवानगी देल्ली त दोन वाफे बरबटी आन दोन कुळीथ लावतो म्हंतो. गायीचं पोट भराले नाही. बी जितं ठेवाले. नाही म्हनसान त राग नाही."

सहा महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदा 'तुमी' म्हटलं होतं. मी घरमालकासारखा खाकरलो.

"लावा की," मी म्हणालो.

"लेखी द्या."

मी आत गेलो. घरात कोरा कागद नव्हता. कंपनीच्या पत्रकाच्या मागे लिहून दिलं की, मी, खालील सही करणार, माझ्या ताब्यातील मागील अंगण घरमालकांस बरबटी व कुळीथ लावण्यास राजीखुशीने देत आहे. काकांनी ते दोनदा वाचलं, पलटून थैलीवरच्या गायीचा फोटो पाहिला आणि घडी करून खिशात घातलं.

त्या अंगणात माझ्या बायकोने एक दोरी बांधली होती. आठव्या दिवशी कोंब वर आले आणि महिन्याभरात बरबटीचे वेल दोरीला लागले. एका रविवारी मुलगा वेलांसाठी चार बांबू टाकून गेला. वेल उतरले नाहीत. त्यांना दोरी आवडली होती. तो आख्खा पावसाळा आमचे कपडे खोलीत खिडकीच्या गजांवर वाळले, म्हणजे वाळले नाहीत, आणि मी गावोगाव ओल्या शर्टात सोयाबीनची पेंड विकत फिरलो. श्रावणात एके दिवशी ऊन पडलं म्हणून बायकोने धुतलेला टॉवेल मोकळ्या दिसणाऱ्या टोकाला टाकला. काका कुंपणाबाहेर थांबले, आत पाऊल टाकलं नाही, आणि तिला अत्यंत अदबीने म्हणाले, "बाई, वावरात कपडे नसतात वाळू घालत."